तीन मंगळवारचे डास

ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घराला कुलूप होतं. म्हणून आरोग्य खात्याच्या देवश्रीने खिडकीच्या फुटक्या काचेतून डास पकडायचा सापळा आत टांगला आणि दारावर खडूने ‘बंद’ लिहिलं. शेजारच्या वनमालाबाई म्हणाल्या, “गंधार बायकोले घेऊन गावाले गेला. त्याचे म्हातारे बाबा बी गेले असतीन सोबत.”

असे तीन मंगळवार गेले. दर वेळी देवश्री सापळा बदलायची, पुसट झालेला ‘बंद’ पुन्हा गिरवायची आणि पुढच्या दाराकडे वळायची. दिवसाला चाळीस घरं. त्यात कुलूप लावलेल्या घराला कोण हाक मारतं!

आज प्रयोगशाळेतून तिन्ही मंगळवारचे रिपोर्ट एकदमच आले. साहेबांनी वरची ओळ तेवढी वाचली. “व्हायरस निगेटिव्ह. काढा हे घर लिस्टमधून.”

देवश्रीने सवयीने घर खोडलं, सही केली. मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. डासांनी कोणाचं रक्त प्यायलंय, ते तिथे लिहिलेलं असतं.

पहिल्या दोन मंगळवारी माणसाचं. ताजं.

 

तिसऱ्या मंगळवारी डासांची पोटं रिकामी होती.