गुरुवारचं नाव

अंजली चर्चमध्ये साक्ष द्यायला उठली, तेव्हा उज्वलाबाईंनी मांडीवरचं गीतपुस्तक घट्ट धरलं.

अंजलीचा नवरा नाथा जाऊन दीड महिना झाला होता. अर्धांगवायूनं तो सात महिने खाटेवर होता. त्या दिवसांत मंडळी कशी पाठीशी उभी राहिली, ते चर्चच्या वर्धापनदिनी अंजलीनं चार शब्दांत सांगावं, अशी पाळकसाहेबांची इच्छा होती.

अंजली एका खाजगी दवाखान्यात आया. ड्युटी सकाळी आठ ते दोन. घरात तिसरं माणूस नाही. म्हणून भगिनी मंडळानं नाथाजवळ बसायला वार वाटून घेतले होते. गुरुवार उज्वलाबाईंचा. वार वाटायची कल्पनाही त्यांचीच.

नाथा गेला तो गुरुवारीच.

त्या सकाळी सव्वासातला उज्वलाबाईंनी मेसेज टाकला होता. 'मुलीच्या साखरपुड्याची पैठणी बघायला येवल्याला चाललोय. आज जमणार नाही. प्रार्थनेत आठवण ठेवते.' अंजलीच्या सगळ्या रजा संपलेल्या. बाहेरून कुलूप लावून ती कामावर गेली. अडीच वाजता दार उघडलं, तर नाथा गार पडला होता.

हे फक्त दोघींना माहीत. मातीच्या दिवशी कुणीतरी उज्वलाबाईंना म्हणालं, "शेवटी तुम्ही होतात जवळ, तेवढं तरी बरं झालं." त्यांनी नुसती मान खाली घातली. पुढं दोनदा चर्चमध्ये प्रभुभोजन झालं. पाप लपवून ती भाकर घ्यायची नसते. दोन्ही रविवारी डोकं दुखतंय म्हणून त्या घरीच राहिल्या.

आज मात्र त्या ठरवून आल्या होत्या. अंजलीनं खरं काय ते सांगून टाकावं. मग आपणही उठायचं, सगळ्यांसमोर कबूल करायचं. एकदाचं सुटायचं.

अंजली माइकपाशी उभी राहिली. कागदबिगद काही नव्हता हातात.

"सोमवारी साधनाताई यायच्या. मंगळवारी कुसाबाई, गुडघे दुखत असून जिना चढायच्या." ती एकेक नाव घेत गेली. "गुरुवारी उज्वलाताई. शेवटच्या दिवशी त्याच होत्या ह्यांच्याजवळ. देवानं मला एकटं सोडलं नाही."

"आमेन," मंडळी म्हणाली. शेजारच्या बाईनं उज्वलाबाईंचा हात दाबला. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. उठायला हवं होतं ते आताच. पण पेटी वाजू लागली, सगळेच गीताला उभे राहिले, आणि त्यांच्यात उज्वलाबाईही.

उपासना सुटल्यावर त्यांनी अंजलीला फाटकाशी गाठलं. ती पाथर्डी फाट्याच्या बसची वाट बघत होती.

"सलाम, ताई," अंजलीच आधी म्हणाली.

"असं का सांगितलंस?" उज्वलाबाईंनी विचारलं. "मला वाचवायला? मला क्षमा केलीस म्हणून?"



"क्षमा करायला बसते मी रोज. गुडघे टेकते, तुमचं नाव घेते. पुढं शब्दच येत नाहीत. तेव्हा तसं काही समजू नका."

"मग?"

"त्या दिवशी कुलूप लावताना हे माझ्याकडे बघत होते. बोलता येत नव्हतं, पण घाबरले होते. मी म्हटलं, घाबरू नका, उज्वलाताई येतातच आहेत." बस आली. अंजलीनं पदर सावरला. "कधी नव्हे ते खोटं बोलले ह्यांच्याशी. ते दाराकडं तोंड करून गेले, ताई. त्यांना सांगितलेलं खरं व्हावं, म्हणून आज सगळ्यांना सांगून टाकलं, तुम्ही आला होता म्हणून."