साहेब झोपलेत

भावजयीने स्वयंपाकघरातून दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा ताईने पुस्तकातून मान वर न काढताच सांगितलं, "साहेब झोपलेत."

तेवढं पुरलं. भावजय स्वतःच गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे घेऊन आली. थोडी आदळआपट झाली, पण ताईला कुणी उठ म्हणालं नाही.

साहेब म्हणजे घरातला म्हातारा बोका. तो ज्याच्या मांडीवर झोपेल त्याला उठवायचं नाही, हा धाकट्या भावाने घालून दिलेला दंडक. त्याच्या जोरावर भावाने कित्येक मॅचेस पाहिल्या, त्याच्या लेकीने तासन्‌तास फोनवर गप्पा मारल्या. ताईच्या वाटेला मात्र साहेब कधी गेले नाहीत, कारण ताई कधी बसायचीच नाही. या घरातली सगळी उठबस तिच्याच गळ्यात. मग बोका थकला, आणि त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, रोज संध्याकाळी तिच्याच मांडीवर येऊन पसरायला लागला. ताईने रहस्यकथांचा सपाटा लावला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं होतं, तेही झोपून.

आज शेवटचं प्रकरण होतं. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं होतं. डॉक्टर की थोरली सून? ताईचा संशय पहिल्यापासून सुनेवर. एकीकडे वाचत ती बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता हात थांबला.

पोट हलत नव्हतं. तिने कानामागे खाजवलं, कान हलला नाही. पंजा उचलून पाहिला, तो तिच्या बोटांतून निसटून खाली पडला.

"अरे, एवढं प्रकरण तरी संपू द्यायचंस," ती पुटपुटली, आणि आपण काय बोललो ते कळून तिची तिलाच लाज वाटली. डोळे भरून आले. तरी तिने हाक मारली नाही. हाक मारली असती तर सगळे धावत आले असते, रडारड झाली असती, आणि उद्यापासून ताई पुन्हा सगळ्यांना मोकळी सापडली असती. तिने डोळे पुसले आणि पान उलटलं.

भाऊ कामावरून आला तोवर अंधारायला लागलं होतं. तिला पाहताच त्याने बूट हातात घेतले, चवड्यांवर चालत आला आणि कोपऱ्यातला उंच दिवा लावला. ताईला बरं वाटलं. इन्स्पेक्टर नेमका नाव सांगायच्या बेतात होता.

भाऊ वाकून बोक्याकडे कौतुकाने पाहत राहिला.

"काय गाढ झोपलेत," तो हळूच म्हणाला. "उजेडाने जाग येईल त्यांना."

त्याने दिव्याची मान भिंतीकडे वळवली आणि दार लोटून आत गेला.

अक्षरं दिसेनाशी झाली. दिवा हाताच्या टप्प्यात नव्हता, त्यासाठी उठावं लागलं असतं. ताईने चष्मा काढला आणि अंधारात ती बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, दारातून कुणी डोकावलं तर संशय यायला नको म्हणून.