ग्लेनिसचा काळा नाताळ

तेविसावं वटवाघूळ जिन्याच्या भिंतीवर टाचून ग्लेनिस शिडीवरून उतरली. एकाहत्तर वर्षांचे गुडघे कुरकुरले. काळ्या पुठ्ठ्याची ती वटवाघळं तिने स्वतः कापली होती. कात्रीने अंगठ्याला फोड आला होता.

शेजारची बेरिल पुडिंग द्यायला आली आणि उंबरठ्यातच थबकली.

"अगं बाई! सांताक्लॉज धुराड्यातून उतरेल आणि हे बघून तसाच उलटा वर पळेल!"

"पळू दे. माझी रोवन आली म्हणजे झालं."

बेरिलचं हसू मावळलं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला काळ्या झग्यांची, काळ्या ओठांची माणसं नवी नव्हती. वर्षातून दोनदा या 'गॉथ' मंडळींची जत्राच भरायची. पण ते सगळं दुसऱ्यांच्या पोरांना शोभतं, असं ग्लेनिसचं मत. तिची लेक रोवनही त्यांच्यातलीच. ती वीस वर्षांची असताना एका नाताळात तिने बैठकीच्या खोलीत काळं झाड उभं केलं आणि त्यावर कवट्या टांगल्या. ग्लेनिसने ते झाड उचलून मागच्या अंगणात भिरकावलं. "माझ्या घरात राहायचं तर माणसासारखं राहायचं!" रोवन बॅग भरून गेली. त्याला नऊ वर्षं झाली. दर नाताळाला तिचं एक कार्ड यायचं. त्यावर पत्ता नसायचा.

आणि मागच्या आठवड्यात फोन आला.

"आई, नाताळाला येऊ का?"

"ये."

आणखी काही विचारलं तर पोरगी मन बदलेल, या धास्तीने ग्लेनिसने घाईघाईने फोन ठेवला. मग कोट चढवून ती थेट बंदराजवळच्या त्या दुकानात गेली, ज्याच्यासमोरून जाताना ती आजवर तोंड फिरवायची. काउंटरवरच्या जांभळ्या केसांच्या मुलीला म्हणाली, "माझ्या लेकीला आवडेल असं घर सजवायचंय. मला यातलं काही कळत नाही. तूच सांग."

मुलीने जीव लावून सांगितलं. ग्लेनिसने बाजारातून आणलेल्या झाडाला काळा रंग फवारला. सासूच्या हातचा लेसचा टेबलक्लॉथ बादलीत काळा रंगवला. त्या रंगाने तिचे हात मनगटापर्यंत निळेकाळे झाले. दाराला सुकलेल्या काळ्या गुलाबांचं तोरण लावलं, खिडक्यांत कवट्या आणि त्यांच्यात मेणबत्त्या. शेकोटीवरच्या फळीवर मधोमध वीतभर लांबीची लाकडी शवपेटी ठेवली. आत लाल मखमलीवर इवलासा सांगाडा. "आजी, ही सगळ्यात जास्त खपते," असं दुकानातली मुलगी म्हणाली होती.

चोवीस तारखेला दुपारी तीनला बस आली. ग्लेनिसने दार उघडलं तेव्हा समोर साध्या तपकिरी कोटातली, न विंचरलेल्या केसांची एक थकलेली बाई उभी होती. ओठांवर रंग नव्हता. लेक ओळखायला आईला एक क्षण लागला.

"ये गं. बाहेर गारठा आहे."

रोवन आत आली. तोरण, वटवाघळं, झाड. कोटही न काढता ती एकेका वस्तूवरून बोट फिरवत गेली. ग्लेनिस मागून बघत होती. फळीपाशी रोवन थांबली. पेटीकडे बघत राहिली.

"आवडलं नाही का?"

"आई, मला बाळ झालं होतं." ती वळली नाही. "ऑगस्टात. नेड नाव ठेवलं. एकोणीस दिवस होता."

शेकोटीत लाकूड तडकलं.

"तुला कळवायचं होतं. पण नऊ वर्षांनी सुरुवात कुठून करायची, तेच कळेना."

ग्लेनिसने झडप घालून ती पेटी उचलली आणि एप्रनच्या खिशात कोंबली. मग पिसाटल्यासारखी ती सजावटीवर तुटून पडली. लेस ओढली. झाडावरच्या कवट्या ओरबाडल्या. "काढते. सगळं काढते. मला काय ठाऊक गं! मी मेलीने हे काय करून ठेवलं! दहा मिनिटं दे, माळ्यावर जुने लाल गोळे आहेत, चांदणी आहे..."

रोवनने तिची दोन्ही मनगटं धरली. रंग लागलेले ते हात तिने उलटेसुलटे करून पाहिले.

"राहू दे."

"अगं पण..."

"पेटी तेवढी नको. बाकी सगळं राहू दे." आता ती रडत होती, पण आवाज शांत होता. "इथवर येईपर्यंत दुकानं लखलखतायत, बसमध्ये गाणी, जो भेटतो तो आनंदी नाताळ म्हणतो. चार महिने झाले, आई. माझ्या नेडचा दुखवटा पाळणारं मला हे पहिलंच घर दिसलं."