पहिल्या रांगेची टेप

“श्वास सोड,” म्हणत फिजिओथेरपिस्ट ताईनं माझ्या ओटीपोटावर निळी, ताणली जाणारी टेप चिकटवली. पाळीचा पहिला दिवस आणि विसर्जनाची मिरवणूक एकाच मुहूर्तावर आली होती. मागच्या सरावाला मी कळवळले, तेव्हा ढोलपथकाच्या केदारदादानं नियमच करून टाकला होता, “जो पोट धरून बसेल, त्यानं ढोल सोडायचा आणि ध्वज धरायचा.” मला पहिली रांग सोडायची नव्हती.

कमरेला ढोल बांधताना कुडता सरकला आणि दादाला टेप दिसली.

“हे काय गं?”

“यानं दुखत नाही, दादा.”

“मग एकटीच काय लावतेस? आण इकडे!” काय दुखत नाही, हे ऐकायला न थांबता तो माझ्या पिशवीतला टेपचा रोल घेऊन गेलाही.

मी दणकून वाजवलं. चौकात पथक थांबलं, पोरांनी वारा घ्यायला कुडते वर केले, तर रांगेतल्या प्रत्येक पोटावर निळी टेप.

“अरे, ही पाळीत पोट दुखू नये म्हणून लावतात!” मी ओरडले.

कुडते भराभर खाली आले.

“तरीच,” मागून एक जण गंभीरपणे म्हणाला, “मला जराही दुखलं नाही.”

दादानं लाजून आपली टेप एका झटक्यात ओढली. पोटावरचे निम्मे केस टेपबरोबर गेले. तो किंचाळला आणि पोट धरून रस्त्यातच बसला.

मी ध्वज आणून त्याच्या हातात दिला.