श्वास हुंगणारं दार

अंगारकीला घरोघरी साबुदाण्याची खिचडी आणि खिचडीत दाण्याचं कूट. त्या दिवशी वर्गाचं दार एकेकाचा श्वास हुंगून पोरांना माघारी धाडायचं, कारण दाण्याच्या कणानेही इराच्या जिवावर बेतलं असतं. मग बाई सगळ्यांना घेऊन चिंचेखाली बसायच्या. आत इरा एकटी, धडे दाखवणाऱ्या पडद्यासमोर, सुखरूप.

आज दाराने इरालाच अडवलं.

"आमच्या घरात दाणा येतच नाही! तुमचं दार बिघडलंय," तिचा बाबा सुहास बाईंवर डाफरला. मग त्याला लेकीची घट्ट मिटलेली मूठ दिसली. त्याने ती उघडली. आत एक अर्धवट चावलेला शेंगदाणा होता आणि तळव्यावर लाल गांधी उठल्या होत्या.

"बाबा," चिंचेकडे बघत, धापा टाकत तिने विचारलं, "आता मलापण बाहेर बसवतील ना?"