पांढरी की निळी

“गाडी कानानं चालवायची, जयसिंगा. गिअर कवा पायजे ते तीच सांगती.”

गाडी शिकवणाऱ्या आकाराम ड्रायव्हरचा हा आवाज तीस वर्षांमागचा, गारगोटीच्या रस्त्यावरचा. जयसिंगला तो अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. आता मात्र त्याच्या शेजारी एका नव्या कंपनीचा सेल्समन बसला होता, आणि जयसिंग पांढऱ्या इलेक्ट्रिक पिकअपच्या डॅशबोर्डवर तळवा टेकून विचारत होता, चालू हाय का ही?

चालूच होती. हीच तर गंमत आहे काका, सेल्समन म्हणाला, आवाज नाही, थरथर नाही. बाहेर उभे असलेले तिघे-चौघे हसले. ते हसल्यावर जयसिंगही हसला. मग खात्री करावी म्हणून त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडीनं उडी घेतली आणि फौंड्रीच्या भिंतीला लावलेल्या वाळूच्या पोत्यांवर जाऊन ती थांबली. सेल्समननं खाली उतरून रुमालानं बंपर पुसला.

शिरोली एमआयडीसीतली ही फौंड्री. इथलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, टेम्पोत भरायचं आणि पलीकडच्या मशीनशॉपला पोचवायचं, हे जयसिंगचं काम. दिवसाला आठ फेऱ्या, सतरा वर्षं. आता फौंड्रीनं कळवलं होतं की एक तारखेपासून डिझेलची गाडी गेटाच्या आत येणार नाही. नव्या गाडीची नोंद शनिवारी दुपारपर्यंत व्हायला हवी, नाहीतर फेरी दुसऱ्याला. आज शुक्रवार होता.

त्याची मुलगी संघप्रिया राजारामपुरीत क्लासवर गणित शिकवायची. तिनं वहीच्या पानावर रेघ ओढून दोन गाड्या समोरासमोर मांडल्या होत्या. पांढरी नऊशे किलो ओढते, निळी साडेसातशे. पांढरी एका चार्जिंगमध्ये जास्त पळते, पण निळीचं वर्कशॉप गावातच आहे. दोन्ही कंपन्या कालपरवाच्या. उद्या कंपनीच उठून गेली तर पार्ट कुठं शोधायचे, हे तिनं दोन्ही सेल्समनना विचारलं होतं आणि दोघांचीही उत्तरं लिहून घेतली होती. येताना स्कूटीवर, तोंडाला स्कार्फ बांधलेला असताना, तिनं हे सगळं मागं बसलेल्या वडलांना, आण्णांना, समजावलं. ते प्रत्येक गोष्टीला ‘बघू’ म्हणाले. जेवलात का, यालाही ‘बघू’च म्हणाले.

आण्णांचं चित्त ठिकाणावर नाही, हे तिला दिसत होतं. आयुष्य डिझेलच्या धडधडीत गेलेला माणूस. त्याला मुकी गाडी कशी गोड लागावी? समोरचा बोलायला लागला की आण्णा गाडीकडं बघायचं सोडून त्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. माणूस जोखत असतील, असं तिला वाटायचं. फौंड्रीत तर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तिथल्या गदारोळात कुणी कुणाला हाक मारत नसे. दोन बोटं वर केली की दोन पेट्या, आडवा हात केला की थांब. जयसिंगइतकी हातांची भाषा कुणाला येत नाही, असं तिथली माणसं कौतुकानं म्हणत.

दुपारी निळी गाडी आली. ती घेऊन आलेल्या सम्राट नावाच्या पोरानं आधीच सांगितलं, आमच्या गाडीची खासियत वेगळी आहे. गाडी गप्प आहे अशी लोकांची तक्रार होती, म्हणून कंपनीनं पुढं स्पीकर बसवलाय. हुबेहूब डिझेलचा आवाज. वेग वाढला की तोही वाढतो.

संघप्रियाचा चेहरा उजळला. तिनं आण्णांसमोर उभं राहून त्यांना ते नीट सांगितलं. जयसिंग गाडीत बसला. सम्राटनं बटण दाबलं, आवाज पूर्ण वर केला, आणि गेटवरचा वॉचमन काठी आपटत धावत आला.

“ओ पावणं, एक तारखेपास्नं डिझेल बंद, आन् नवी डिझेल कशाला आणलीसा? बाहीर काढा की.”

सगळे पोट धरून हसले. सम्राट तर बॉनेटवरच ओणवा झाला. जयसिंगनं डॅशबोर्डवर तळवा टेकला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग विचारलं, चालू केली का?

आण्णा चेष्टा करतायत असं वाटून संघप्रियाही हसली. निळी ठरली, असं म्हणून तिनं बुकिंगसाठी मोबाइल काढला. तेवढ्यात जयसिंग खाली उतरला, त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला रात्रंदिवस फौंड्रीतच उभ्या राहणाऱ्या आपल्या जुन्या टेम्पोपाशी नेलं. आत बसवलं. चावी फिरवली. तिचा हात उचलून गिअरच्या मुठीवर ठेवला. काळी मूठ, तळव्यानं घासून घासून गुळगुळीत झालेली. धरलेल्या पाखराच्या छातीसारखी ती थरथरत होती.

“कळतंय?” त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

“ही मला हितनं सांगती. त्या दोघी काय सांगंनात.”

“पण आण्णा, निळीला आवाज बसवलाय की.”

जयसिंग तिच्या ओठांकडं बघत होता. ओठ मिटले तसं त्यानं एकदा गेटाकडं पाहिलं. वॉचमन लांब होता.

“गेटाचा पास काढून घेत्याल म्हणून बोललो न्हाय. तुझ्या आईलाबी न्हाय.”

“काय बोलला न्हाय?”

त्यानं टेम्पो बंद केला.

“दोन वर्सं झाली, प्रिया. मला ऐकूच येत न्हाय.”