आयडेलचा अंगठा

आमच्या वायोमिंगच्या गावात व्हर्लिनच्या वेडाला सगळे हसायचे. बार उडाल्यावर नळीच्या तोंडातून जो वायू वाया जातो, त्याच्याच जोरावर रिव्हॉल्वरचा घोडा पुढच्या बारासाठी आपोआप मागे ओढला जावा, एवढंच त्याला हवं होतं. पण दोन बारांनंतर यंत्र अडकायचंच. एकदा वायू झेलायला नळीपुढे बसवलेली पट्टी तुटून उडाली आणि रिव्हॉल्वर धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा, आयडेलचा, अंगठा कायमचा लुळा पडला.

"माझी पट्टी गेली ना!" तेव्हा तो तिच्यावरच ओरडला होता.

आज व्हर्लिन गोठ्यात मरून पडला होता, अंगात सहा गोळ्या घेऊन. शेरीफ आयडेलच्या स्वयंपाकघरात बसला होता.

"पुढच्या बारांना वायू घोडा ओढतो, पण पहिल्या बाराला हातानेच ओढावा लागतो, हे त्यानेच गावभर सांगितलंय," शेरीफ म्हणाला. "तुझ्याने तर लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा उघडत नाही, आयडेल. मग घोडा ओढला कोणी?"

"त्यानेच." आयडेलने शेरीफच्या कपात कॉफी ओतली. "नेहमी तोच ओढून माझ्या हातात द्यायचा. वर म्हणायचा, 'घे लुळे, चाप तरी दाबता येईल ना?'"

शेरीफचा कप ओठांपाशीच थांबला. "पण सहा गोळ्या?"



"पहिलीतच गेला तो. बाकीच्या, यंत्र अखेर चाललं का ते बघायला."